लीन झाली की सांगा

गाझियाबादहून फोन आला तेव्हा मी भाऊजींच्याच गाडीत बसले होते. त्यांच्या गल्लीत जागा नाही, म्हणून ती आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीच्या तळघरात उभी असते. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायचं काम माझं. पलीकडे जाऊबाई. "ताई, हे गेले..." मी किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबलं, आणि उगाच वाटलं, हे मीच केलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, वसंत. सगळी नोकरी फायलींत गेली. निवृत्तीनंतर साध्यासुध्या गाडीला त्यांनी टर्बो बसवला. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, मग पेट्रोलही त्या मानाने वाढवावं लागतं. ते माप लॅपटॉपवरून बसवायचं. त्यासाठी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ते गाडी पळवणार आणि शेजारच्याने डॅशबोर्डवरच्या छोट्या घड्याळातला हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा मोठ्याने वाचायचा. जाऊबाईंनी "मी नाही बाई" म्हणत हात जोडले. मी लगेच तयार! तेव्हा बासष्ट वर्षांची कोवळी पोर होते ना.

"वहिनी, लीन झाली की लगेच सांगा," भाऊजी म्हणाले.

शाळेत संस्कृतला पहिली येणारी मी. लीन म्हणजे नम्र, हे मला कोण शिकवणार? गाडी गरजायला लागली. बारा, तेरा, चौदा... मी आपली वाट पाहतेय, ही बया नम्र कधी होते! तेवढ्यात बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. भाऊजींनी गाडी कडेला घेतली. चेहरा पांढराफटक.

"आकडा किती होता?"

"पंधराला टेकला."

"मग बोलला का नाहीत?"

"अहो, लीन कुठे झाली? अंगावर धावून येत होती!"

स्टिअरिंगवर डोकं टेकून ते हसत सुटले. मग एकदम गंभीर झाले. "वहिनी, ही इंग्रजीतली लीन. हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिनाची भट्टी होते, पळता पळता पिस्टनला भोक पडतं." तेव्हापासून मी त्या आकड्यावरची नजर हलवली नाही. मी "साडेबारा" म्हणायचे, ते "हं" म्हणायचे... त्या "हं"वर माझा सगळा धीर.

शेवटचे भेटले तेव्हा नवा, मोठा टर्बो बसवला होता. "इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत माप बसलंय. वरचं पुढच्या रविवारी. तोवर पुढे नेऊ नका." त्या रविवारी आम्ही अस्थी घेऊन निघालो होतो.

जाऊबाईंनी गाडी माझ्या नातीला, सईला दिली. "आजी, छोटे आजोबांची गाडी अशी सडवायची? चलो ना यार!" मी शेजारी बसले. तीन हजारांच्या आत, असं बजावलं. "बिल्कुल," म्हणाली. मग मागून ट्रक आला, हॉर्न वाजवत, अगदी पाठीला चिकटून. सईचा पाय दाबला गेला. काटा तीन हजारांपुढे गेला. तेरा... साडेतेरा... इथून पुढे भाऊजींनी काहीच बसवलेलं नव्हतं. होतो त्या आम्ही दोघीच.

"लीन!" मी किंचाळले.

सईने पाय काढला. ट्रक घासून पुढे गेला. कडेला थांबल्यावर ती म्हणाली, "आजी... लीन म्हणजे?"

माप बसवणारा माणूस ती शोधतेय. तोवर गाडी तळघरातच. आठवड्यातून एकदा मी किल्ली फिरवते. घड्याळ उजळतं. उभ्या गाडीचा आकडा ठरलेला, त्यात धोका नाही, तरी मोठ्याने वाचते, "पावणेपंधरा." आणि त्या "हं"साठी थांबते... किल्ली उलटी फिरवायला हात धजत नाही.