निवृत्तीची छागल

वरवट बकाल गावात कोणी वाटून खायच्या वेळी हात आखडला की बाया म्हणायच्या, "झाली का निवृत्तीची छागल?" म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या जणींना निवृत्ती कोण हे ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांना लाज नव्हती. कारण ज्या माणसाच्या नावावर ही म्हण बसली, त्यानं त्या दिवशी त्या छागलीतला एक थेंबसुद्धा घशाखाली घातला नव्हता.

निवृत्ती चार एकरांचा धनी. ज्वारी पिकवायचा, थोडी कपाशी लावायचा, पण गावात त्याची ओळख शेतकरी म्हणून नव्हती. तो वाटाड्या होता. त्याचा बाप वाटाड्या आणि आजाही वाटाड्या. गावाच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्यात मोजणीवाल्यांना जायचं असो, झाडपाला शोधणाऱ्या वैद्याला जायचं असो की कोणाला डोंगरापलीकडे दिलेल्या लेकीला भेटायचं असो, आधी निवृत्तीच्या दारात यावं लागे.

या घराण्याचा एक नेम होता. डोंगराच्या पायथ्याशी अंजनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड आहे. तिथं आलं की निवृत्ती सगळ्यांना सामान खाली ठेवायला लावायचा आणि एकेकाचा झाडा घ्यायचा. पायात वापरून मऊ झालेल्या वहाणा आहेत का, हातात काठी आहे का, आणि सगळ्यात आधी, खांद्याला छागल आहे का. छागल म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पाण्याची पिशवी. ती पाझरते म्हणून पाणी गार राहतं, पडली तर फुटत नाही आणि पाठीला टोचत नाही. ज्याच्याकडे ती नसेल त्याला निवृत्ती स्वतःच्या घरातली द्यायचा. नको म्हणणाऱ्याला तो दगडावरूनच परत पाठवायचा. एका मोजणीच्या साहेबाला त्यानं असंच परत लावलं होतं. साहेबानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. निवृत्ती एवढंच म्हणाला, "डोंगर कोनाचा मामा नाही, साहेब," आणि गावाच्या वाटेला लागला.

त्याच्या मागं गेलेला माणूस घरी जेवायला परत येतो, असं पंचक्रोशीत बोललं जाई. निवृत्तीजवळ जमवलेली दौलत म्हणावी तर तेवढीच होती.

मग खामगावची मंडळी आली. तिथल्या शाळेतले रमाकांत मास्तर इंग्रजी मासिकं वाचत. त्या मासिकांतले गोरे लोक हौसेनं डोंगर चढतात हे वाचून त्यांनी एक भ्रमण मंडळ काढलं. मंडळात ते स्वतः, कचेरीतले दोन कारकून आणि त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणारा सुधाकर नावाचा बावीस वर्षांचा एक पोरगेला तरुण, असे चौघे. सातपुड्यातला एक पडका किल्ला पाहायचा बेत ठरला, आणि तोही ऐन वैशाखात, कारण सुट्टी तेव्हाच मिळते. मार्गशीर्षात या, तेव्हा झऱ्याला पाणी असतं, असं निवृत्तीनं कळवलं होतं. मास्तरांनी उत्तर पाठवलं की आम्ही सर्व तयारीनिशी येत आहोत.

ती तयारी दगडापाशी उघडली तेव्हा निवृत्ती बघतच राहिला. चार सोला टोप्या. कोरे करकरीत बूट, ज्यांचे चावे गावापासून दगडापर्यंतच टाचांना बसले होते. एक कॅमेरा, एक दुर्बीण, चिवड्याचा डबा, बसायला सतरंजी आणि वाचायला ग्रंथ. काठी एकाकडेही नाही. आणि पाण्यासाठी प्रत्येकाच्या पिशवीत एकेक फिरकीच्या झाकणाचा तांब्या, घोटीव, जड, प्रवासासाठी ब्राह्मणाघरी असतो तसा. सुधाकरचा तांब्या त्याच्या वारलेल्या वडिलांचा होता. आईनं तो चिंचेनं घासून दिला होता.

निवृत्तीनं घरून आणलेल्या चार छागली पुढं ठेवल्या. मास्तर दोन पावलं मागं सरले. कातड्यातलं पाणी आमच्यात चालत नाही, असं ते म्हणाले. पायात कातडं चालत होतं, कमरेला चालत होतं, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबत होता तोही कातड्याचाच. ज्या मळ्यातली वांगी हे लोक रोज खात, तो मळाही चामड्याच्या मोटेवरच भिजत होता. पण माणसानं एकदा सोंग घेतलं की त्याला शेवटपर्यंत टाळ्या लागतात. निवृत्तीनं सरळ सांगितलं की या तांब्यांवर वैशाखात डोंगर होत नाही, परत चला.

तेव्हा मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. त्यांचा मेहुणा जंगल खात्यात हेडक्लार्क होता, आणि निवृत्तीनं राखणदाराच्या जागेसाठी अर्ज केला होता हे मास्तरांना माहीत होतं. कायमची जागा, सरकारी पट्टा, म्हातारपणी बसून भाकरी. मेहुण्याच्या कानावर घालतो, असं मास्तर गोड बोलून म्हणाले. फक्त आज मंडळींचा विरस करू नका.

तीन पिढ्यांत जे झालं नव्हतं ते तिथं झालं. निवृत्तीनं दगडाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं आणि "चला" म्हणाला. स्वतःची छागल भरून खांद्याला मारली आणि त्या चारही झाडाला टांगून ठेवल्या.

किल्ल्यापर्यंत सगळं हसतखेळत झालं. मास्तरांनी इतिहास सांगितला, कॅमेरा खटकला, चिवडा संपला. चिवड्यानं तहान वाढते हे कुठल्या मासिकात छापलं नसावं. किल्ल्यातल्या टाक्यात पाणी नव्हतं, तळाशी नुसता हिरवा चिखल होता. तांब्यातलं पाणी उन्हानं एवढं तापलं होतं की चहा झाला असता. एका कारकुनानं आपलं डोक्यावर ओतून संपवलं, दुसऱ्याचा तांब्या दरीत घरंगळत गेला आणि त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

उतरताना दोन प्रहर झाले. बुटांनी चौघांचे पाय सोलून काढले होते. कोस चालायचं तर चारदा बसायचं. सावलीला पान नाही, सगळा साग निष्पर्ण. निवृत्तीनं छागलीचं तोंड अजून सोडलं नव्हतं. पुढं कोणाला पाणी लागेल ते त्याला कळत होतं.

आधी मास्तर आले. बाकीच्यांना पुढं बसवून ते निवृत्तीला एका शिळेआड घेऊन गेले, डोळे मिटले आणि ओंजळ धरली. ओंजळीवर ओंजळी प्याले. तोंड पुसून म्हणाले, "हे यांना कळता कामा नये. माझ्या मुलीची सोयरीक चालली आहे." थोड्या वेळानं पहिला कारकून तसाच मागं रेंगाळला, आणि पुढच्या उतारावर दुसरा. प्रत्येक जण एकटाच प्याला आणि प्रत्येकानं बाकीच्यांना सांगू नको म्हणून विनवलं. तिघांचाही धर्म एकेकट्यानं, शिळेआड, व्यवस्थित बुडाला. निवृत्तीला त्याचा राग आला नाही. पाणी पिण्यासाठीच असतं.

सुधाकर तेवढा मागं राहिला नाही. त्याचा तांब्या केव्हाच रिता झाला होता, तरी त्यानं तो छातीशी धरला होता. चेहरा लालबुंद, पण अंगाला घाम नव्हता. निवृत्तीनं असे चेहरे आधी पाहिले होते. छागलीत दोन-तीन ओंजळी उरल्या होत्या, त्या त्यानं याच्यासाठीच राखल्या होत्या. तो सगळ्यांसमोर पोराजवळ बसला आणि छागल पुढं केली.

पोरानं तोंड फिरवलं. "आईला वचन दिलंय," तो म्हणाला. "कातड्याचं नको."

"मायले मी सांगतो, बापू. दोन घोट घे."

त्यानं दात आवळले. बाकीचे तिघे तिथंच बसले होते. 'अरे, आम्हीही प्यालो, पी' एवढं एक वाक्य. ते बोलायला घशात ओल लागते, आणि ती त्यांच्या घशात होती. कारकून बुटांच्या नाड्या चाचपत राहिले. मास्तर दुर्बिणीची काच पुसत होते.

निवृत्तीचे हात रानटी ताकदीचे होते. पोराचं नाक दाबून त्याला घोट पाजणं त्याला अवघड नव्हतं. वासराला औषध पाजतात तसं. पण बामणाच्या पोराचा धर्म आपल्या हातानं बुडवायचा, तेही तीन साक्षीदारांसमोर, याला त्याची छाती झाली नाही. त्यानं उपरणं भिजवून पोराचं डोकं आणि छाती पुसली. पाणी त्यात संपलं. पोर बरळायला लागलं तेव्हा त्यानं त्याला पाठीवर घेतलं आणि दगडापर्यंत आणलं. झाडाला टांगलेल्या चार कोरड्या छागली वाऱ्यानं हलत होत्या. त्यांच्याखाली त्यानं सुधाकरला निजवलं तेव्हा तो गेलेला होता.

पंचनामा पाटलाच्या ओसरीवर झाला. रंगराव पाटील, एक हवालदार आणि अर्धं गाव. मास्तरांनी स्वच्छ मराठीत जबानी दिली. टाक्यात पाणी असेल असं वाटाड्या म्हणाला होता. त्याच्याजवळ स्वतःपुरती एक कातडी पिशवी होती, ती त्यानं वाटेत रिकामी केली. हवालदारानं छागल उलटी धरून पाहिली. ती रिकामीच होती.

निवृत्तीनं घडलं ते सांगितलं. तिघंही प्याले हेही सांगितलं. मास्तर ओसरीवरच्या सगळ्यांकडं फिरून पाहत म्हणाले, "आम्ही? कातड्यातून?"

ओसरी हसली. पाटील हसला, हवालदार हसला. गावच्या लोकांना हा माणूस पंचवीस वर्षं माहीत होता, तरी तेही हसले, कारण बामण चामड्यातलं पाणी पितो ही गोष्ट त्यांना निवृत्तीच्या खोटेपणाहून अशक्य वाटली. दोन कारकून तेवढे पायाच्या फोडांकडं पाहत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती इथं दोरावाचून झाली. गुन्हा काही शाबीत झाला नाही, ऊन लागून मृत्यू असं कागदावर आलं. पण राखणदाराची जागा गेली आणि डोंगरात जाणारे लोक दुसऱ्या गावच्या वाटाड्याकडं जाऊ लागले. निवृत्ती चार एकरांत खुरपत राहिला. त्याला एकच आशा होती, की कोणीतरी एक दिवस येऊन नीट विचारेल, आणि तो नीट सांगेल.

चार वर्षांनी, पितृपंधरवड्यात, एक छकडा त्याच्या दारी थांबला. आतून तांबडं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर ओढलेली एक वयस्क विधवा उतरली. सुधाकरची आई. निवृत्तीची बायको सरस्वतीबाई हिनं घोंगडी टाकली, पण ती बसली नाही. शेजारच्या कुडाला लगेच कान लागले.

दोघा कारकुनांपैकी एकाची बदली झाली होती. जाताना तो तिच्या पाया पडायला आला आणि रडत काहीबाही बोलून गेला. पाणी होतं, असं काहीसं. सुधाकरनंच घेतलं नाही, असं काहीसं. तेव्हापासून आपल्याला झोप नाही, असं ती म्हणाली.

"निघताना मीच त्याच्याकडून वचन घेतलं होतं," ती म्हणाली. "कातड्यातलं पिऊ नको म्हणून. तुम्ही शेवटी जवळ होतात. खरं सांगा. पाणी होतं?"

चार वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो दारात उभा होता. एक 'हाव' म्हणून होकार द्यायचा अवकाश. कुडापलीकडच्या गावाला कळलं असतं, मास्तरांचं नाक कापलं गेलं असतं, आणि गेलेलं नाव उजळून परत आलं असतं. निवृत्तीनं तिच्या हातांकडं पाहिलं. तिनं पदराचं टोक पिळून दोरीसारखं केलं होतं. हिला 'हाव' म्हटलं तर पोराचा जीव हिनं घेतला असं होतं. आणि त्या दिवशी पोराला दगडावरून आत कोणी सोडलं होतं, हेही त्याला विसरता आलं नव्हतं.

"नव्हतं, बाई," तो म्हणाला.

"म्हणजे लोक म्हणतात तेच खरं. तुम्ही प्यालात."

"हाव. मीच पेलो."

बाईनं डोळे मिटले. चार वर्षांचं काहीतरी तिच्या खांद्यांवरून उतरलेलं दिसलं. मग तिनं डोळे उघडले आणि त्याच्याकडं असं पाहिलं, की सरस्वतीबाईनं मान खाली घातली. ती वळून छकड्याकडं निघाली. कुडापलीकडं कुजबुज सुरू झाली होती. ती म्हण त्या दुपारपासून पक्की झाली.

सरस्वतीबाई नवऱ्यावर धावून गेली नाही. "काऊन बोलले असं?" एवढंच तिनं विचारलं, आणि तो खुरपं उचलून परड्यात गेला. तेव्हा तिला सुचलं ते तिनं केलं. ऊन कडक होतं, बाई खामगावाहून आली होती. तिनं घरातला पितळेचा तांब्या राखेनं घासला, रांजणातलं गार पाणी भरलं आणि छकड्यापाशी नेऊन धरला.

बाईचे ओठ वाळले होते. तिनं तांब्याकडं पाहिलं, तांब्या धरणारीकडं पाहिलं.

"या घरचं पाणी नको," ती म्हणाली. गाडीवानानं बैल हाकले, आणि सरस्वतीबाई भरला तांब्या घेऊन घरात परत आली.