लुसियाच्या मिरच्या

हे मी समीरलाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही सांगितलं ते तुम्हाला का? कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि माझ्याबद्दल वाईट मत झालं तरी आमच्याकडे जेवायला येणार नाही आहात.

लुसिया माझी जाऊ. मूळची मेक्सिकोची. माझा दीर निखिल इथे सिडनीत युनीत शिकत असताना त्यांचं जमलं. मला ती कधीच आवडली नाही. का? सारखी हसायची. येताजाता मिठ्या मारायची. आणि टोमणा मारला तर तिला कळायचाच नाही — की कळूनही ती दाखवायची नाही?

सासूबाई त्यांच्या लग्नाला आल्या नव्हत्या. नंतर पुण्याहून आमच्या केलीव्हिलच्या घरी राहायला आल्या, तेव्हा लुसियानं ठरवलं, आईंना मोले, म्हणजे तिच्याकडचा मिरच्यांचा रस्सा, करून वाढायचा. निखिल-लुसियाच्या हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये ओट्यापाशी दोघी उभ्या राहू शकत नाहीत, म्हणून माझ्या किचनमध्ये. आई चिकन खात नाहीत, म्हणून फ्लॉवर-बटाटे.

मोले सोपा असतो. वाळक्या मिरच्या मंद भाजून गरम पाण्यात भिजवायच्या. तीळ, शेंगदाणे, दालचिनी, मनुका, टोमॅटो — सगळं भाजून, वाटून शिजवायचं, शेवटी थोडं डार्क चॉकलेट. चॉकलेट सोडलं तर आपलं वाटणच की! हे मी नाही, आई म्हणाल्या. तीळ भाजल्याच्या वासानं त्या उठून आल्या, ओट्याशी खुर्ची ओढून बसल्या.

"तीळ," त्यांनी शिकवलं.

"टील," लुसिया म्हणाली, आणि आई खळखळून हसल्या. माझ्या किचनमध्ये. इतकी वर्षं मी त्यांच्या चवीचा मसाला करतेय, त्यावर "बरा झालाय" यापुढे कधी — जाऊ दे.

आई साडी बदलायला गेल्या. मिरच्या नुकत्या तव्यावर पडल्या होत्या. तेवढ्यात निखिलनं गॅरेजमधून खुर्च्या आणायला लुसियाला हाक मारली.

"जरा बघशील? क्षणात जळतात," ती मला म्हणाली.

"नो वरीज," मी म्हटलं.

आणि गॅस मोठा केला.

चुकून? नाही. वरचा पंखा लावला, तोंडावर ओढणी धरली आणि उभी राहून बघितलं. लाल मिरच्या काळ्या झाल्या, मग गॅस बारीक केला आणि त्या पाण्यात टाकल्या. ती आल्यावर म्हटलं, "तू गेलीस तेव्हाच काढल्या." तिनं थँक यू म्हटलं.

वाटण कडू झालं. तिनं साखर घातली, आणखी चॉकलेट घातलं. पुन्हा चाखलं. तिचा चेहरा उतरत गेला — आणि मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

"आई, थोडं घ्या ना," तिनं वाढताना मराठीत म्हटलं. पाठ करून आली होती.

आईंनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "हे जळकं आम्हाला वाढायचं? निखिल, हिला सांग, नसेल येत तर करू नये." मग माझ्याकडे वळून, "तू पिठलं टाक गं."

मी टाकलं. चांगलं झालं होतं.

निखिल आईंशी भांडला, जेवता जेवता उठला, लुसियाला घेऊन निघून गेला. पुढे त्यांनी पर्थला नोकऱ्या घेतल्या. आई परत पुण्याला गेल्या, आणि मागच्या वर्षी वारल्या. धाकट्या सुनेशी त्या नंतर कधी बोलल्या नाहीत. "अंगात गुण नाही," एवढंच म्हणायच्या. मी ऐकून घ्यायचे.

आई गेल्या तेव्हा लुसियाचा व्हिडिओ कॉल आला. रडत होती. आईंसाठी! मग मध्येच थांबून तिनं विचारलं, "त्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले, तेव्हा मिरच्या लालच होत्या ना गं? मला तसं आठवतं."

समोर तिचा चेहरा. मागून समीर चहा घेऊन येत होता.

"नाही," मी म्हटलं. "तेव्हाच काळ्या झाल्या होत्या."

"असेल," ती म्हणाली. "सॉरी."