लाल दिवा नसलेला कॅमेरा

मला आधी दिसली ती पोळी. माणूस नंतर दिसलं.

शनिवारची सकाळ. माझा नवरा नागसेन डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून रानातल्या ट्रॅप कॅमेऱ्याचं कार्ड तपासत होता. मी चहा ठेवायला गेले आणि पाहते तर काय, काळ्यापांढऱ्या फोटोत एक रानडुकरीण आणि तिच्या तोंडात चक्क पोळी! इथे परदेशात, जुरोंग ईस्टला, आमच्या बहुमजली ब्लॉकमागच्या रानात पोळी? बरं, पोळी एका कडेला करपलेली. माझ्याच्याने आजवर एक पोळी न करपता झालेली नाही, ती मी ओळखणार नाही तर कोण?

"अरे, ही आपल्या घरची आहे," मी म्हणाले.

नागसेनने पुढचा फोटो उघडला. त्यात एक हात आणि प्लॅस्टिकची पिशवी. त्याच्या पुढच्या फोटोत तोंड. माझ्या सासूबाई, कमलाबाई, उकिडव्या बसलेल्या, आणि डुकरीण त्यांच्यापासून हातभर अंतरावर. दुसरं कुणीही असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण आई?

आमच्या आई चंद्रपूरकडच्या. शिक्षण तिसरीपर्यंत. नागसेन सहा वर्षांचा असताना सासरे गेले आणि आई वनखात्यात रोजंदारीवर लागल्या. वाघांच्या मोजणीसाठी झाडांना कॅमेरे बांधायचे, कार्डं उतरवायची, बॅटऱ्या बदलायच्या. बावीस वर्षं हेच केलं. त्यावर मुलगा शिकवला, पीएचडी केला. जनावराला खायला घालणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. माकडांना शेंगदाणे टाकणाऱ्या बायकांवर त्या रस्त्यात उभ्या राहून ओरडायच्या, "लाड नाही करत तुम्ही त्याचा, जीव घेता!" माझ्या लग्नाच्या वर्षी त्यांनी एका गाडीवाल्याच्या हातातून बिस्किटाचा पुडा हिसकावलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. आणि आता हा फोटो!

मुळात कॅमेरे का लावले, तर सातव्या मजल्यावरचे चिनी अंकल खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमधून नूडल्स घेऊन येत होते, तर ब्लॉकखालीच ही डुकरीण अंगावर आली. पडले बिचारे, खुब्याचं हाड मोडलं. सगळीकडून तक्रारी गेल्या. नागसेनच्या छोट्या कंपनीकडे पाहणीचं काम आलं. प्रश्न एकच होता. डुकरीण माणसाला बुजते की माणसाला सोकावलीय? बुजत असेल तर कुंपण घालायचं आणि तिला राहू द्यायचं. सोकावली असेल तर पिंजरा लावून पकडायची आणि कायमचं झोपवणारं इंजेक्शन. ती पाय ओढत चालायची, म्हणून आम्ही तिला लंगडी म्हणायला लागलो होतो. नागसेन छातीठोकपणे सांगत होता की ती बुजरी आहे, अंकलच्या अंगावर आली ती घाबरून.

कॅमेरा कुठला घ्यायचा हेही आईंनीच ठरवलं होतं. नागसेन मेगापिक्सेलच्या मागे.

"त्याले का चाटाचं हाय?" आई म्हणाल्या. "जनावर समोर आल्यावर किती लवकर फोटो काढतो ते बघ. नाहीतर नुसतं शेपूट येते. अन् लाल दिवा लागणारा घेऊ नको. अंधारात तो दिसते. जनावर चमकते अन् चोर कॅमेराच काढून नेते."

मग गुडघ्याएवढ्या उंचीवर बांध, वाटेला आडवा नको, तिरपा बांध, तोंड उगवतीकडे करू नको, समोरचं गवत काप नाहीतर वाऱ्याने हललेल्या गवताचेच हजार फोटो येतील. इथल्या मुंग्या कॅमेऱ्याच्या डब्यात घर करतात हेसुद्धा त्यांनीच शोधून काढलं. नागसेनने सगळं ऐकलं. तीन जागा तर त्यांनीच दाखवल्या. चौथा कॅमेरा त्याने मागाहून ओढ्याजवळ बांधला आणि ते घरात सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात दार वाजलं. आई फिरून आल्या होत्या. हातात तीच पिशवी, घडी घातलेली. त्यांची नजर स्क्रीनवर गेली.

"हा कुठं बांधला?" त्यांनी विचारलं. मग सावकाश खुर्चीवर बसल्या. "मले दिवाच नाही दिसला."

"आई, तुम्ही?" माझा आवाजच चढला. "अहो, तुम्ही? इथे हा गुन्हा आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"मंग का करू?" त्याही तडकल्या. "अन्न त्या कचऱ्याच्या चुटमध्ये टाकू? लोकाइचे डायपर पडतात तिथं! तिकडं गाय होती, कुत्रं होतं. इथं साधं कुत्रं मोकळं दिसत नाही. शिळी पोळी कोणाच्या तोंडी घालू? अन् तिच्या पायाची गत पाह्यली का तू? फासा रुतलेला पाय हाय तो. मले समजते ते."

रोज रात्री त्या विचारायच्या, "उरल्या का गं?" मला वाटायचं, सकाळी चहाबरोबर खात असतील. आणि मी मेली, उरल्या तर उरल्या म्हणून दोन जास्तच लाटत होते.

नागसेनने अगदी हळू विचारलं, "आई, पिशवीतूनच देतेस ना रोज? पिशवी वाजली की येते ती?"

"हो. दुरून ऐकते अन्..." आई थांबल्या. "अंकलच्या हाती पिशवी होती."

"हो."

त्या रोज लिफ्टमध्ये अंकलना हात जोडायच्या. हॉस्पिटलात पेज घेऊन गेल्या होत्या. त्या दिवशी किती तरी वेळ त्या स्वतःच्या हातातल्या पिशवीकडे बघत बसल्या.

मी नागसेनला म्हणाले, "पुसून टाक ते फोटो. कुणाला कळणार आहे?" खोटं कशाला बोलू, मला सासूची लाज वाचवायची होती आणि लंगडीचा जीवही. नागसेनचा हात माऊसवर होता. तो हललाच नाही.

"काही पुसाचं नाही," आई म्हणाल्या. "बावीस वर्षं कार्डं उतरवली मी. एक फोटो पुसला नाही. आज माहा पुसू?"

फोटो अहवालाबरोबर सरकारी खात्याकडे गेले. आईंना बोलावून ताकीद मिळाली. लंगडीचा निकाल लागला, पिंजरा आणि इंजेक्शन.

पण लंगडी पिंजऱ्यात पाय ठेवेना. पंधरा दिवस मका टाकला, पाव टाकला. ती भोवती फिरायची, हुंगायची आणि निघून जायची. एकदा फाशातून सुटलेली ती, दुसऱ्यांदा कशाला फसेल! मी मनातून खूश होते. एका संध्याकाळी आई म्हणाल्या, "माह्या पिशवीले येईल ती."

"काही गरज नाही!" मी ओरडलेच. "त्यांचं काम आहे, ते करतील."

"ती मोकळी राह्यली तर पिशवीवाल्या माणसामागं धावनच. उद्या कोणाची नात राहीन, राणी. सवय म्या लावली."

नागसेनने हातापाया पडून पाहिलं. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

त्या सकाळी फळीवरच्या बुद्धमूर्तीसमोर त्यांनी रोजच्यासारखं त्रिशरण म्हटलं. पंचशीलाला सुरुवात केली, 'पाणातिपाता' म्हणाल्या आणि थांबल्या. पहिलंच शील, जीव घेणार नाही. पुढचा शब्द तोंडातून निघेना. मेणबत्ती तशीच ठेवून त्या उठल्या. मी मागे उभी होते.

नुकतं फटफटत होतं. आई पिंजऱ्याच्या मागच्या जाळीशी बसल्या, पुढचं दार उघडं, त्याची दोरी कंपनीच्या माणसाच्या हातात. आम्ही लांब उभे. आईंनी पिशवी वाजवली.

बाई गं! दोन मिनिटं झाली नसतील. लंगडी झाडीतून आली. मक्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं नाही, पाय ओढत थेट आत आली आणि जाळीतून नाक बाहेर काढलं. आईंनी पोळी दिली. दार धाडकन पडलं. मी किंचाळले. लंगडी दचकली, एकदा वळून पाहिलं, आणि पुन्हा आईंकडे तोंड करून चावत राहिली. मला वाटलं होतं धडका देईल, आरडाओरडा करेल. तिने काहीच केलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनचा बाण मारला तेव्हाही तिचं नाक जाळीतच होतं, आणि ती आडवी होईपर्यंत आईंनी हात काढला नाही.

घरी येऊन त्यांनी आंघोळ केली. जेवल्या नाहीत. दुपारी दोन पोळ्या उरल्या. 'उरल्या का' असं कुणी विचारलं नाही. मी त्या कागदात गुंडाळल्या आणि स्वयंपाकघरातल्या चुटपाशी गेले, तर आई मागे येऊन उभ्या.

"दे इकडं," त्या म्हणाल्या. "मी टाकते."

त्यांनी स्वतः झाकण उघडलं.