तेरावा उंदीर

रामवाडीच्या नाक्यावर "जनू मिस्त्री, सर्व गाड्या खात्रीने" असा बोर्ड दिसतो ना, तो जनू मीच. खात्री कुणाची, ते विचारू नका. बोर्ड माझ्या बायकोनं, बायजानं रंगवलाय. ती शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. अठरा वर्षं मी लोकांना सांगत आलो, आमची ही बसल्या जागी रंगकाम करते, खरी मेहनत माझी. माझा हात भलता चपळ. कार्बोरेटर खोलून जोडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा संपत नसे. त्याच चपळाईनं मला खड्ड्यात घातलं.

नव्व्याण्णव साली रोह्याचे दिनानाथ साहेब कार्बोरेटरच्या जागी कम्प्युटर असलेली, इंजेक्शनवाली गाडी घेऊन आले. चालता चालता मध्येच झटका खायची. मी प्लग बदलले, फिल्टर साफ केला, पेट्रोलला शिव्या घातल्या. गाडी दोनदा परत आली. तिसऱ्यांदा साहेबांचा चेहरा पांढराफटक. हायवेला गडब गावाजवळ ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीनं ऐन वेळी दम सोडला होता, आणि शेजारी त्यांची बायको बसलेली.

"मिस्त्री, आज झाली तर झाली. नाहीतर उद्या पनवेलला टाकतो."

चहाच्या टपरीवर सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "नाय झाली तर बोर्ड उतरवीन." आमच्या तोंडाला ब्रेक कधी नव्हताच.

आत येऊन बॉनेट उघडलं, तेव्हा मात्र हिशेब कळला. यापुढं गाड्या सगळ्या अशाच येणार. ही नाय जमली तर पुढची माझ्याकडं आणणार कोण?

पनवेलच्या एका वायरमननं मला कागद लिहून दिला होता. एक्सिलेटर दाबला की इंजिनात हवेची झडप उघडते. ती किती उघडली, हे गाडीच्या कम्प्युटरला सांगायला तिच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो. चावी ऑन करायची, इंजिन बंद ठेवायचं, सेन्सरच्या वायरीला मीटर लावायचा आणि झडप हातानं उघडायची. काटा अर्ध्या व्होल्टवरून साडेचारापर्यंत सरळ चढला पाहिजे. मी मीटर लावला आणि सवयीनं झडप फर्रकन ओढली. काटा गेला वर. सेन्सर पास. असा दहा वेळा पास केला मी त्याला. मला सातवीत एवढं कुणी पास केलं नव्हतं.

तेवढ्यात बायजा जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं कागद वाचला.

"अवो, हितं 'हळू' लिवलंय. दोनदा."

"मग?"

"तुम्ही एकदा तरी केलंत का हळू?"

तिनं पदराला हात पुसले, श्वास रोखला आणि झडप केसाकेसानं उघडायला लागली. डोळा आखताना धरते तसाच हात. काटा चढत आला, आणि एका जागी धपकन शून्यावर पडून पुन्हा वर गेला. तिनं तीनदा केलं. तीनदा त्याच जागी. जुन्या रेडिओचं बटण एका ठिकाणी झिजून खरखरतं, तसा सेन्सर आतून झिजला होता. माझ्या ओढण्यात ती जागा काट्याला दिसतच नव्हती.

पनवेलहून नवा सेन्सर आणून बसवला. साहेब गडबपर्यंत जाऊन आले ते हसतच उतरले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मिस्त्री, कुणी पकडला हा फॉल्ट?"

"मी," मी म्हटलं.

बायजा मागंच उभी होती. रिकामा डबा उचलून कारखान्यात गेली. मला लाज वाटली, नाय असं नाय. पण बोर्ड उतरवायचा वाचला होता, आणि तेव्हा मला तोच मोठा वाटला.

श्रावणात साहेबांनी मेव्हण्याची गाडी धाडली. आजार तोच. हळू करायला गेलो तरी माझ्या हातानं काटा सरळच चढला, म्हणून कारखान्यात गेलो. बायजासमोर बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग.

"गो, पाच मिनिटं ये ना."

"माझे डोळे राह्यलेत. मागचा फॉल्ट तुम्हीच काढलात ना? मग ह्यो पण काढा."

मी तिथंच बसून राहिलो. शेवटी तिलाच दया आली असावी. तिनं शेपटी तुटलेले टाकाऊ उंदीर माझ्यापुढं मांडले आणि ब्रश दिला. "यांचे डोळे आखा. हात स्थिर झाला की गाडीकडं जा."

पहिल्याचा डोळा कानात गेला. पाचव्याचा एक डोळा पनवेलकडं, दुसरा रोह्याकडं. कारखान्यातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझी मान मोडली, बोटं आखडली. तेराव्या उंदराला हात स्थिर झाला, डोळे जागच्या जागी बसले. ही बसल्या जागी काय करते, ते मला अठरा वर्षांनी कळलं.

गाडीपाशी गेलो, श्वास रोखला, झडप उघडली. पहिल्याच खेपेला काटा पडला.

गाडी न्यायला साहेब स्वतः आले. गॅरेजच्या फळीवरचे उंदीर बघून हसू दाबत म्हणाले, "हे कुणी आखले?"

"मी."

बायजा दारात होती. "हे मातर खरं हाय," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग खोटं काय?"

मी बोर्डाकडं एकदा बघून घेतलं आणि सांगायला बसलो. पहिल्यापासून, हळू.