आत पडलेला बॉल

हरणं या विषयात माझ्या बायकोच्या मामांइतका अधिकारी माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडणार नाही. हरतो आपण सगळेच, पण घरच्या घरी, फार तर ऑफिसात. मामा एकवीस देशांत हरले आहेत. ते व्यावसायिक टेनिस खेळाडू होते. म्हणजे खांद्यावर चार रॅकेटी टाकून जगभर हिंडायचे, मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेरीत हरायचे आणि पुढच्या गावची गाडी पकडायचे. त्यामुळे जगाचा त्यांचा नकाशाच निराळा आहे. बातम्यांत कैरोचं नाव आलं की आपल्याला पिरॅमिड आठवतात, मामा म्हणतात, "कैरो. सहा-दोन, सहा-एक. वारा होता." माझ्या मुलीने एकदा मनिलाची माहिती त्यांना विचारली आणि वहीत लिहून नेली, 'येथील हवा दमट असून बॉल हळू येतो.' भूगोलाच्या बाईंनी खाली लाल शाईने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

खेळ संपल्यावर मामा-मामी नवीन पनवेलला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले. मामी शाळेत गणित शिकवायच्या, मामा काही मुलांना टेनिस शिकवायचे आणि उरलेला वेळ पाण्याच्या टाकीच्या मागच्या भिंतीशी खेळत. या भिंतीबद्दल त्यांना फार आदर होता. "हिच्यासारखं परत मारणारं कोणी मला भेटलं नाही," असं ते म्हणत. उजवा हात डाव्याच्या दुप्पट जाड, त्यामुळे शर्टाची एक बाही कायम उसवलेली. कुठलीही गोल वस्तू हातात आली की आधी ती जमिनीवर आपटून पाहायची, ही खोड कोर्टावरून थेट भाजीबाजारात आलेली. जवळच्या आपटा गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या एक बाई त्यांना लांबून पाहिलं की टोपलीवर हात पसरायच्या. "ओ मामा, टमाटा हाय तो, चेंडू नाय! लिंबू आपटा, लिंबवाचं आमी काय बोलनार नाय." मामा मग खरोखरच लिंबू आपटून पाहायचे आणि अगदी गंभीरपणे दोन बाजूला ठेवायचे.

टेनिसमध्ये बॉल नेटला लागून नशिबाने पलीकडे पडला आणि पॉइंट मिळाला, तर हात वर करून समोरच्याची माफी मागायची पद्धत आहे. मामांनी ती सगळ्या आयुष्याला लावली होती. स्टेशनबाहेर रिक्षा नेमकी त्यांच्यासमोर येऊन थांबली, की ते मागच्या रांगेकडे वळून हात वर करणार. लोकांना वाटे, हे निरोप घेताहेत. दोघे-चौघे उलट हात हलवायचे. मामी सांगतात, त्यांचं लग्न ठरलं त्या दिवशीही मामांनी मामींच्या वडिलांसमोर असाच हात वर केला होता. वडील आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "अगं, जावईबापूंना पाणी द्या."

पण मामांचा खरा दबदबा होता तो रेषेच्या बाबतीत. आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगच्या पांढऱ्या रेषांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी दोन देशांच्या सीमेवरून होत नसतील. कोणाची स्कूटर कोणाच्या जागेत, हा वाद पेटला की सेक्रेटरी स्वतः मामांना बोलावून आणायचे. मामा गुडघ्यांवर बसत, गाल फरशीला टेकवत, एक डोळा मिटत आणि सांगत, "लागलंय. रेषेला लागलं म्हणजे आत." त्यावर कोणी हूं की चूं करत नसे, कारण पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या गाडीविरुद्ध निकाल देऊन ती बाहेर रस्त्यावर नेऊन लावली होती.

या रेषेपायीच त्यांची कारकीर्द संपली, हे मला मामींनी सांगितलं. एकेरीत मामा बेताचे होते; दुहेरीत मात्र त्यांची जोडी चांगली जमली होती. जोडीदार नागपूरचा, डावखुरा, उंच. युरोपात एका फार मोठ्या स्पर्धेच्या पात्रतेची शेवटची मॅच. ती जिंकली की मुख्य स्पर्धेत प्रवेश. शेवटच्या पॉइंटला समोरच्याने मारलेला बॉल यांच्या मागच्या रेषेपाशी पडला. लाइनमन ओरडला, बाहेर. मॅच जिंकली. जोडीदाराने रॅकेट आकाशात उडवली, हरलेले दोघे हात मिळवायला नेटपाशी आले. आणि आमचे मामा शांतपणे पंचाच्या खुर्चीकडे गेले आणि म्हणाले, "बॉल आत होता."

पंचाने पॉइंट फिरवला. पुढचे सगळे पॉइंट गेले, मॅच गेली. जोडीदार त्या संध्याकाळी एकटाच विमानाने परतला आणि पुन्हा कधी एक शब्द बोलला नाही. मामा त्यानंतर थोडंफार खेळले, मग थांबले. ही मॅच सोडून इतर सर्व पराभव ते हौसेने सांगत.

मी तेव्हा जासईला कंटेनर यार्डात नोकरीला होतो. एके दिवशी तिथे नवे मॅनेजर रुजू झाले. उंच, पांढऱ्या मिशा, बोलणं वऱ्हाडी वळणाचं. त्यांनी माझ्या कागदांवर सही केली आणि मी बघतच राहिलो. डावा हात उजव्याच्या दुप्पट जाड होता आणि त्या बाजूची बाही उसवलेली होती.

"सर, तुम्ही टेनिस खेळायचा?" मी विचारलं.

"कोणी सांगितलं?"

मी मामांचं नाव घेतलं. साहेबांनी पेनचं टोपण हळूच लावलं. खिडकीबाहेर एक क्रेन कंटेनर उचलत होती. तो पूर्ण खाली ठेवला जाईपर्यंत ते तिकडेच बघत होते. मग म्हणाले, "अजून तसाच आहे का तो? खरं बोलतो?"

"हो सर. स्वतःच्या गाडीलासुद्धा सोडत नाहीत."

"मग नको भेटायला," असं म्हणून त्यांनी पुढची फाइल ओढली. मला वाटलं, माझ्या नोकरीचंही आता काही खरं नाही.

पण दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी साहेब मामांच्या दारात उभे होते. पत्ता त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता, त्यामुळे मीही मागे जिन्यात उभा. मामांनी दार उघडलं. सव्वीस वर्षांनी भेटणारी माणसं काय बोलतात ते ऐकायला मी कान टवकारले.

साहेब म्हणाले, "तो बॉल बाहेर होता."

मामा म्हणाले, "आत होता."

आतून मामी म्हणाल्या, "मी आधी चहा ठेवते."

चहा राहिला बाजूलाच. दहा मिनिटांत दोघे खाली पार्किंगमध्ये उतरले. मामांनी चार स्कूटरी हलवायला लावल्या आणि मामींच्या डब्यातली रांगोळी घेऊन मागची रेषा आखली. वॉचमनला समोरचा खेळाडू म्हणून उभं केलं, मला पंच म्हणून एका स्कूटरवर बसवलं. गॅलऱ्या भरल्या. सेक्रेटरी बनियनवर खाली आले आणि "हा कोणत्या फ्लॅटचा वाद आहे?" असं विचारू लागले. मामा गुडघ्यांवर बसले, खिशातला बॉल काढला आणि तो रेषेला जेमतेम चिकटवून ठेवला. "इथे पडला. रेषेला लागला होता."

साहेबांनी त्या बॉलकडे पाहिलं. मग तेही खाली बसले. त्यांचे गुडघे मला स्कूटरवर ऐकू आले. त्यांनी बॉल उचलला आणि रेषेच्या आत चांगला चार बोटं सरकवून ठेवला.

"इथे पडला होता," ते म्हणाले. "पुष्कळ आत होता. मीही पाहिला होता."

मामा बॉलवरून नजर काढून म्हणाले, "मग सव्वीस वर्षं कशाचा राग धरलास?"

"तू मला विचारलं नाहीस. सरळ गेलास आणि सांगून आलास. अरे, दुहेरी होती ती! तू माझ्याकडे नुसतं वळून पाहिलं असतंस, तर मीही चालत आलो असतो तुझ्यासोबत. दोघं मिळून हरलो असतो. तू एकटाच खरा ठरलास, आणि मी मात्र रॅकेट उडवून नाचणारा."

आयुष्यभर स्वतःविरुद्ध निकाल देत आलेल्या माणसाला हा निकाल देता येईना. मामा एवढंच म्हणाले, "हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "म्हणून तर आलो."

सेक्रेटरींनी डोळे पुसले आणि दोन्ही स्कूटरमालकांना समज देण्यात येईल असं जाहीर केलं.

त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी ही जोडी खेळली, मामा उजवीकडे, साहेब डावीकडे. मी आणि वॉचमन समोर. दोघे एकमेकांना इतकं जपायचे की मधोमध आलेल्या प्रत्येक बॉलला एक म्हणायचा "तुझा", दुसरा म्हणायचा "नाही, तुझा", आणि बॉल मधून आरामात निघून जायचा. वॉचमनने आयुष्यात पहिल्यांदा रॅकेट धरली होती, तरी आम्ही बहुतेक वेळा जिंकलो. मामा घामाघूम होऊन बाकावर बसत आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारत. दोघांनी मिळून हरण्यात एवढा आनंद असतो, हे मला माहीत नव्हतं.

मग साहेब निवृत्त झाले आणि मुलीकडे नागपूरला गेले. तिथून सुरुवातीला फोन यायचे, पुढे त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं. एका हिवाळ्यात त्यांच्या मुलीचाच फोन आला. मामांनी तो उभ्याने ऐकला, ठेवला आणि मामींना सांगून खाली गेले.

अर्ध्या तासाने मीही गेलो. मामा टाकीच्या भिंतीवर बॉल मारत होते, नेहमीसारखेच. फक्त उजवीकडे सरकून उभे होते. उजवीकडे आलेला बॉल ते व्यवस्थित परत मारत. डावीकडे गेलेल्याला मात्र रॅकेट लावत नव्हते, तो तसाच गवतात जाऊ देत. मी तीन-चारदा वाकून बॉल आणून दिला. शेवटी न राहवून म्हणालो, "मामा, अहो हातभर अंतरावरून जातोय. घ्या की तो."

मामांनी बॉल हातात घेतला.

"तो माझा नाही," ते म्हणाले आणि पुन्हा उजवीकडे जाऊन उभे राहिले.