तोरणमाळच्या तलावाची फेरी

१९३७ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी तोरणमाळच्या तलावाभोवती पाच माणसं फिरायला निघाली. कार्यक्रम मुलगी पाहण्याचा होता. मुलगा मी होतो.

मी तेव्हा जळगावला एका साप्ताहिकात काम करत होतो. आदल्या हिवाळ्यात मला न्युमोनिया झाला होता. ताप गेला, पण जिना चढताना दम लागायचा. वडील नव्हते. घरचे निर्णय थोरले काका घेत. त्यांना सगळे नाना म्हणत. भडगावजवळ त्यांची कपाशीची शेती होती. मुलगी धुळ्याची, वडील शाळेत शिक्षक. लहानपणी ती बैलगाडीतून पडली आणि तेव्हापासून डावा पाय अधू आहे, असं एरंडोलच्या एका नातेवाइकाने नानांच्या कानावर घातलं होतं. बाकी स्थळ पसंत होतं. पाय नीट असेल तर लग्न, नसेल तर नाही, असं नानांनी ठरवून टाकलं.

मुलगी पाहताना तिला थोडं चालून दाखवायला सांगण्याची रीत होती. नानांचं तेवढ्याने समाधान होण्यासारखं नव्हतं. "घरमा चार पावलं बठ्ठ्याच पोरी नीट चालतस," ते म्हणाले. त्याच सुमारास मुलीच्या घरून निरोप आला. मुलीचे काका जंगल खात्यात तोरणमाळला होते आणि उन्हाळ्यात सगळे तिकडेच राहत. कार्यक्रम तिथेच करावा, हवाही थंड आहे, थोडं फिरणंही होईल. नानांना हे फारच सोयीचं वाटलं. शहाद्यापर्यंत आम्ही मोटारीने गेलो, पुढे बैलगाडीने, आणि घाट तट्टांवरून चढलो.

तोरणमाळ तेव्हा लहान होतं. सरकारी बंगला, जंगल खात्याची घरं, एक दुकान, आणि उतारांवर पावरा लोकांच्या विखुरलेल्या झोपड्या. वैशाखात हवा खायला आलेली मंडळी बंगल्याच्या आसपास उतरत आणि उन्हं कलली की तलावाकडे फिरायला निघत. सकाळी उशिरा उठणं, जेवण, झोप आणि ही फेरी, याखेरीज तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

चहा झाल्यावर नानांनीच फेरीचा विषय काढला. मुलीच्या वडिलांनी तो इतक्या तत्परतेने उचलला की नाना क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. तिचे वडील, तिची काकू, मुलगी, नाना आणि मी, असे निघालो. नाना मुद्दाम मागे राहिले. मुलीचे वडील माझ्या बाजूने चालत होते आणि जळगावच्या छापखान्यांविषयी प्रश्न विचारत होते. उत्तरं लांबलचक द्यावी लागतील असेच ते प्रश्न होते.

पलीकडच्या काठावर एक पावरा बाई टोपलीत चारोळी घेऊन बसली होती. नाना भाव करायला थांबले. तुम्हाला फसवतील म्हणून काकू थांबल्या, आणि काकूंमुळे वडीलही. मुलगी आणि मी पुढे गेलो. तिने मागे न बघता विचारलं, "तुमचे नाना माझा पाय बघतायत ना?"

मी हो म्हटलं.

"दुखतो. अर्धा तलाव झाला की ओढत न्यावा लागतो." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि बाबा तुमचा दम बघतायत. आमच्याकडे कोणीतरी सांगितलंय, तुम्हाला क्षय आहे."

"न्युमोनिया होता. बरा झालाय. चढावर अजून धाप लागते."

पुढे बांधाचा चढ होता. तिने तो पाहिला. हे स्थळ मोडलं तर पुढच्या स्थळाकडेही पायाचीच गोष्ट आधी पोचेल, असं ती म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. मग म्हणाली, "सावकाश गेलं तर माझा पाय ओढत नाही. तुम्हालाही धाप लागणार नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.

तिथून आम्ही सावकाश चाललो. पाण्यात कमळं होती, ती पाहायला थांबलो. एक पाणकावळा खुंटावर पंख वाळवत बसला होता, तोही पाहिला. बांधाच्या मध्यावर मी तिला पलीकडच्या डोंगराचं नाव विचारलं. तिला ते माहीत नव्हतं, पण आठवण्यात तिने बराच वेळ घेतला. चारोळीचा पुडा घेऊन नाना तोवर आमच्या मागे येऊन ठेपले होते. आमच्यामुळे त्यांना पावलं आखडावी लागत होती.

"काय रे," ते म्हणाले, "वरातमा चाली ऱ्हायनात का?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. मुलीचे वडील माझ्याकडे पाहत होते. मी बांध उतरलो आणि छापखान्यांची राहिलेली माहिती त्यांना सांगून पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी घाट उतरताना नानांनी निर्णय सांगितला. "पाय नीट शे. पन पोर चालस भलती धिमी."

मुलीच्या वडिलांचा होकार आठवड्याभरात आला. लग्न मार्गशीर्षात धुळ्याला झालं.