मावशींचं पांढरं फडकं

"पुसलं म्हंजे साफ झालं न्हाय, बाय," असं म्हणत मावशी पांढरं फडकं पाइपाच्या तोंडात फिरवायच्या आणि उजेडात धरायच्या. पुसटसा डाग दिसला की धुणं पहिल्यापासून.

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात ऑक्सिजन थंड करणारे कूलर बनतात. ऑक्सिजनच्या वाटेत तेल राहिलं तर आग लागते, हे इंजिनीअर म्हणून मला पाठ होतं. वरसाव्याच्या कोळीवाड्यातून पाइप धुवायला येणाऱ्या मावशींच्या ते अंगात भिनलं होतं. कामाच्या दिवशी त्या केसांना तेल लावायच्या नाहीत. कोणी चंपी करून आलं, तर धुण्याच्या खोलीबाहेरच्या पिवळ्या रेघेवरूनच परत. तेव्हाची त्यांची नजर तुम्ही बघायला हवी होती. त्यांची सही झाल्याशिवाय माल हलायचा नाही.

एकदा ट्रक दारात उभा होता आणि मावशी जेवायला गेल्या होत्या. माल निघण्याआधी शेठ पूजा करतातच. त्यांनी मला शेंदराचं स्वस्तिक काढायला सांगितलं. बाहेरचा नवा रंग खराब नको म्हणून मी शहाणीने कूलरचं झाकण उघडून आतल्या कडेला काढलं. शेंदूर तेलात कालवलेला होता. मावशी येताना दिसल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घाईघाईने रुमालाने पुसलं.

"पसरवलंस," त्या म्हणाल्या. "आता सगला धुवायचा."

शेठ चिडले. "मावशी, भगवान का काम है. ट्रक खडा है."

"भगवान को नारियल दो, शेठ. तेल अंदर गया तो उधर वॉल्व खोलनेवाला जलेगा. मैं सही नहीं करूंगी."

"तो कल से मत आना."

"ठीक है. इसको धोके जाऊंगी."

ट्रक रिकामा गेला. धुवायला, सुकवायला दोन दिवस लागले. मी शरमेने मान खाली घालून त्यांच्या हाताखाली राबले. तिसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळेला कामावर हजर. शेठनी पेपरात डोकं खुपसलं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले आणि मावशींनी काम सोडलं. निरोपाच्या दिवशी त्या आल्या त्या केस चपचपीत तेलाने चोपून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. नव्या फडक्यांचं बंद पाकीट त्यांनी पिवळ्या रेघेपलीकडून माझ्या हातात दिलं.

"आत या ना, मावशी. आज तरी."

"तेल हाय डोक्याला," त्या म्हणाल्या, आणि रेघेवरूनच परत फिरल्या.